बैठकीतली भिंत

रेणापूरच्या शाळेतून एसटीनं लातूरला घरी आले, तेव्हा माझी चार वर्षांची लेक दारामागं उभी होती. रडून झालं होतं. गालावर बोटं उठली होती.

बैठकीच्या भिंतीवर, पार टीव्हीपर्यंत, लाल-निळ्या रंगखडूंच्या रेघोट्या होत्या. दिराच्या सोयरिकीसाठी दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, म्हणून नुकताच घराला रंग दिला होता.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघ तुझ्या लेकीचे प्रताप. मीच दिली एक ठेवून."

"सगळे घरातच होता ना तुम्ही?"

"मग? आमी काय तिच्या मागं मागं फिरावं?"

खडू नवऱ्यानंच दिले होते. त्याला सुट्टी होती, मॅच बघायची होती. "जा, चित्रं काढत बस," म्हणाला. कागद द्यायचं सुचलं नाही. सासरे तिथंच पेपर वाचत होते. एवढी लांब भिंत रंगवायला पोरीला किती वेळ लागला असेल! तेवढ्या वेळात एकानंही मान वळवली नाही. दिसलं तेव्हा थोबाडीत मारली, आणि भिंतीला कुणी हात लावला नाही. मात्र बादली भरून, तिच्या काठावर फडकं टाकून, भिंतीशी तयार ठेवली होती. माझ्यासाठी. मला त्या बादलीचा जेवढा संताप आला, तेवढा कशाचाच आला नाही.

पर्स ठेवली आणि खाली बसले. पाण्यानं पुसलं तर मेण आणखी पसरलं. भांड्याचा साबण लावून बघितला.

"टूथपेस्ट लाव," नवरा पलंगावरून म्हणाला. "मोबाइलवर दाखवतेत."

टूथपेस्ट लावली. लाल फिकं झालं, पण फडक्याला भिंतीचा नवा रंगही यायला लागला. लेक हळूच जवळ आली.

"आई, एसटी नको ना पुसू. तू हायेस त्याच्यात."

तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगं हळू घास, रंग निघायलाय."

मी उठले आणि ते गळतं फडकं त्याच्या मांडीवर टाकलं. "घ्या. खडू तुम्ही दिलेत, मॅच तुम्ही बघितलीत. आता भिंतही तुम्हीच पुसा."

"नवऱ्याच्या अंगावर फडकं टाकतीस?" सासूबाई ओरडल्या.

"हाव, टाकते. आन् माझ्या लेकीवर परत हात उचलायचा न्हाई."

त्या घरात इतक्या मोठ्यानं मी कधीच बोलले नव्हते. सासऱ्यांनी उठून टीव्ही बंद केला. नवरा मुकाट्यानं भिंत घासायला लागला.

नेमकं तेव्हाच शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्याच्या हातातलं फडकं बघून गालाला हात लावत म्हणाल्या, "अगं बाई! लई गुणाचा हाय गं नवरा तुझा. नशीब काढलंस."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "माझ्या लेकाला कामाची लाजच न्हाई बघा."

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. इतक्या जोरात थापली की फाटली. गोळा करून पुन्हा थापली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. भिंतीवर मोठा पांढुरका डाग राहिला होता, त्याच्यापुढं खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाईंनी मुलीच्या आईला आपली पोरं घरात कशी कामं करतात ते रंगवून सांगितलं. आपला लेक स्वतः भिंत पुसत होता, हेसुद्धा. ती बाई सुखावली. सोयरीक तिथंच ठरली.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. वाटलं, तिला सांगावं, भिंत कुणी रंगवली, मार कुणी खाल्ला आणि तुमच्या लेकीसाठी इथं काय भरून ठेवतात ते. लेक माझ्या पदराला धरून उभी होती. दीर म्हणाला, "वहिनी, साखर कमी झाली."

"डबा स्वयंपाकघरात हाय," मी म्हणाले, "घेऊन या."

दीर उठून गेला.