ठाण्याच्या माळावरचा चीक

येरमाळ्याच्या फाट्यावर बसमधून उतरले आणि पहिल्याच पावलाला उजव्या चपलेचा अंगठा तुटला. आधीच बस उशिरा आलेली, त्यात हे. पदराची पिन काढून चप्पल कशीबशी जुळवली, समोरच्या हॉटेलात कडक चहा घेतला आणि पेढ्यांच्या ताटाकडे बघत बसले. या भागात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत, त्यामुळे पेढा चांगला आहे का असं विचारणं म्हणजे हॉटेलवाल्याचा अपमान. न विचारता पाव किलो घेतला. माझ्या शुगरचा विषय वाचकांनी काढू नये.

मला न्यायला अमोल मोटारसायकल घेऊन आला. अमोल म्हणजे इथून पुढे, बालाघाटाच्या कुशीतल्या एका गावाचा तरुण सरपंच. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुढे जे केलं ते त्यांच्यापाशीच राहावं असं मला वाटतं. नळदुर्गावरचा माझा एक लेख वाचून त्याने फोन केला होता. गावच्या माळावर निजामाच्या फौजेचं ठाणं होतं, तिथे आता ग्रामपंचायत बाग करते आहे, बागेतल्या फलकांचा मजकूर तुम्ही लिहून द्या, असं त्याचं म्हणणं. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे फुकट लिहून मागणाऱ्यांची मला सवय आहे. पण ठाण्याचं नाव ऐकलं की मला घरात बसवत नाही.

रस्ता चांगला होता, असं म्हणण्याचा मोह आवरते. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं, मध्येच तुरीचा हिरवा पट्टा आणि पुढे पिवळ्या गवताचा उघडा माळ. बागेच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत 'हुतात्मा उद्यान' लिहिलेलं. आत प्लास्टिकचा जिराफ, व्यायामाची लोखंडी यंत्रं, सिमेंटची बाकं. माझ्या कपाळाला आठी पडली. पण जिराफाच्या मागे गेले आणि आठी गेली. घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद जसाच्या तसा होता. टेहळणीची खोली छपराविना उभी होती. आणि माळाच्या टोकाला चांदमारीची भिंत (शिपाई नेमबाजीचा सराव करत ती भिंत), गोळ्यांनी खड्डे पडलेली. मुलांनी तिच्यावर कोळशाने तीन स्टंप काढले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हैदराबादच्या मुक्तीचा लढा पेटला तेव्हा हा मुलूख निजामाचा आणि पश्चिमेला डोंगर उतरून गेलं की बार्शीकडचा मुलूख स्वतंत्र भारताचा. तिकडच्या हद्दीत लढणाऱ्या तरुणांचे कॅम्प होते. ते इकडे येऊन करोडगिरीचे नाके (जकातीची ठाणी) उडवायचे आणि परत जायचे. त्यांना अडवायला या माळावर फौज बसवली गेली. फौज म्हटली की तिला धान्य लागतं, सरपण लागतं, मटण लागतं. ते सगळं गावाकडून यायचं. मागून नव्हे, ओढून. पुढे सोलापूरकडून भारतीय सैन्य निघाल्याची बातमी आली आणि ठाणं पळून गेलं.

भिंतीच्या अलीकडे, बाभळीखाली, दगडांचा एक लांबट ओटा होता. त्यावर दुधाचे वाळलेले पांढरे ओघळ. शेजारी नवाकोरा फलक टेकवून ठेवलेला: 'अज्ञात हुतात्म्याची समाधी'.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

अमोलने मान खाजवली. "मॅडम, सांगतो. चालायचा ट्रॅक हितून सरळ जायलाय. ठेकेदार म्हणतो ओटा काढा. गाव म्हणतं काढू नका. पण हाय कुणाचा, ते कुणालाच नीट म्हाईत न्हाय. हुतात्मा म्हणलं की कुणी हात लावत नाही. तुमी चार ओळी लिहिल्या की पक्कं होईल."

बेत वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. गावाचं भलं करणाऱ्या थापा मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या आहेत. तरी मी म्हटलं, "दूध कोण घालतं?"

सगळंच गाव घालतं, असं कळलं. शेळी, गाय, म्हैस काहीही व्यालं की पहिला चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) आधी या ओट्यावर. त्याशिवाय घरात खरवस शिजत नाही. ही रीत धनगरवाड्यातल्या कोंडामावशींच्या घरातून सुरू झाली, तेव्हा त्यांनाच गाठायचं ठरलं.

मावशी अंगणात घोंगडीवर बसून तूर निवडत होत्या. वय ऐंशीच्या आसपास, नजर मात्र तुरीतला खडा सोडत नव्हती. पुढ्यात हुलग्याच्या माडग्याची (कुळथाच्या पिठाची पातळ कढी) वाटी आली. तिखट इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींना वाटलं मी भावुक झाले.

"अजून तर म्या काय सांगितलंच न्हाय, बाई," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं. हकीकत त्यांच्या सासूची. ठाण्यातल्या शिपायांनी सासूच्या शेळ्या दोनदा ओढून नेल्या होत्या. फौज पळाली त्या दिवशी सासू एक उरलेली शेळी घेऊन माळावर गेली, तर बाभळीखाली ठाण्यातलाच एक पोरगा पडलेला. अंगात ताप, पायाला जखम. बरोबरच्यांनी टाकून दिलेला.

"वळखला तिनं. शेळ्या न्हेणाऱ्यातलाच व्हता."

"मग?"

"मग काय? शेळी नुकतीच व्यालेली. चीक काढला आन् वंजळीनं पाजला. प्याला. आन् तिच्याच मांडीवर गेला." मावशींनी सूप खाली ठेवलं. "तेच्या जातीधर्माची रीत आमाला म्हाईत न्हवती. आमच्या रीतीनं पुरला. सासरा म्हनला, ह्येचं नाव काय? म्हातारी म्हनली, पाजायचं सुचलं, नाव इचारायचं राह्यलं."

तेव्हापासून सासू चीक घालायची, मग मावशी घालू लागल्या. शेजारच्यांनी पाहिलं, त्यांची जनावरं सुखरूप व्यायली, त्यांनीही घातला. असं करत करत देव झाला. कोण होता हे विचारणारी माणसंच संपली.

 अमोल म्हणाला, "मावशी, हे गावात सांगितलं तर ओटा ऱ्हात नाही. हुतात्मा म्हणू द्या की. तुमचंच हाय, तुमालाच ठिवायचंय."

"ठिवायचंय तर हायच, बाबा. जीव तुटतो माजा. पर तेनं ज्या पोरांवर गोळ्या घातल्या, त्यांचंच नाव तेला कसं द्यावं? त्यांच्या आया काय म्हनतील?" मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी खरं लिवा. ऱ्हायला तर ऱ्हायला. न्हाय तर म्या आंगणात घालीन चीक."

 खोट्याने मावशींचा ओटा हमखास वाचत होता, खऱ्याने बहुतेक जाणार होता आणि लिहिणारा हात माझा होता.

मी खरं लिहिलं. संध्याकाळी बागेत मंडळी जमली. हौदाच्या काठावर उभी राहून मी मजकूर वाचला: हा ओटा ठाण्यातल्या एका शिपायाचा आहे, त्याचं नाव माहीत नाही, शेवटच्या घटकेला गावातल्या एका धनगरणीने त्याला दूध पाजलं.  एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "म्हंजे आमी इतकी वर्सं वैऱ्याला चीक पाजायलाव व्हय?" दुसरे म्हणाले, "मग काढा की. ट्रॅक सरळ होईल." कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर निदान बोलता आलं असतं. मावशी पदर डोक्यावर ओढून निघून गेल्या. अमोलच्या सांगण्यावरून ठेकेदाराच्या माणसाने ओट्यावरूनच फक्कीची पांढरी रेघ मारली, सकाळी खोदायला.

मुक्काम अमोलच्या घरी होता. त्याची आई, सुमनकाकू, यांनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण फक्कड होतं. काकूंचे वडील, आण्णा, बार्शीकडच्या कॅम्पातले. निरोप घेऊन येताना पकडले गेले आणि याच ठाण्यात मार खाल्ला. जन्मभर लंगडत होते. हे जेवतानाच कळलं. सभेतलं सगळं काकूंनी ऐकलं होतं. "म्हस आज-उद्या व्यायला झालीय," एवढंच म्हणाल्या.

म्हैस पहाटे व्याली. मी तोंड धुऊन आले तर चुलीवर खरवस नव्हता आणि काकू तांब्या घेऊन दाराबाहेर पडत होत्या. मी चपलेची पिन सावरत मागे धावले.

माळावर ठेकेदाराची माणसं कुदळी घेऊन उभी. फेटेवाले आजोबा आणि आणखी चौघे बघायला आलेले. अमोल पुढे झाला. "आई, काल ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"आण्णांना इथंच मारलं व्हतं."

"मला सांगतूस? तेंच्या पायाला तेल म्या लावलंय." काकू ओट्याशी बसल्या. "मारणाऱ्यांत हा असंल, न्हाय तर नसंल. आजवर म्या देव म्हनून घालत व्हते. आज आजारी पोरगं म्हनून घालते." चीक दगडावरून सावकाश उतरला. रिकामा तांब्या उपडा करून त्या उठल्या. "म्हस माजी, चीक माजा. रस्ता तुजा हाय, तू वळीव."

 फेटेवाले आजोबा पुढे आले आणि पायातल्या जोड्याने फक्कीची रेघ पुसायला लागले. जोडा पांढरा झाला, धोतर पांढरं झालं. अमोलने ठेकेदाराच्या माणसाकडून फक्कीचं घमेलं घेतलं आणि ओट्याला वळसा घालून नवी रेघ स्वतः ओढली. वाकडीतिकडी आली. कोंडामावशींना बोलावणं गेलं, पण त्या कधीच येऊन बाभळीआड उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

त्या सकाळी दोन घरचा खरवस खाल्ला. एक काकूंकडचा, वेलदोडे घातलेला; दुसरा मावशींकडचा, काकूंनीच पाठवलेल्या चिकाचा पण नुसत्या गुळाचा. मावशींचा सरस होता.

परतीची बस मिळाली, जागा खिडकीची मिळाली, चप्पल धाराशिवपर्यंत टिकली. घरी आल्यावर एकाने विचारलंच, "शत्रूची कबर जपण्यात कसला मोठेपणा?" मला मोठेपणाचं माहीत नाही. मी एवढाच विचार करते की त्या पोराचीही आई कुठेतरी असेल. ठाणी उठली, राज्य गेलं, तिला कळवायला कोण जाणार होतं? ती बिचारी मरेपर्यंत वाट बघत राहिली असणार. आपल्या लेकाचं तोंड शेवटच्या घटकेला कोरडं नव्हतं, एवढं तरी तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.