यमुनाबाई पुन्हा मैदानात उतरल्या तेव्हा

आदरणीय यमुनाबाईंना मी प्रथम पाहिलं ते निजामी अमलात, जालन्याच्या मुलींच्या शाळेत. माझे वडील नवीन जालन्यातले मारवाडी व्यापारी. माझं नाव घालायला ते आले, आणि मैदानावर नऊवारीचा कासोटा मारून बास्केटबॉल खेळणाऱ्या बाई पाहून दारातच थबकले. "मास्तरणी आहेत का खेळाडू?" त्यांनी विचारलं. "दोन्ही. पगार दोन्हींचा मिळून एकच," बाई हसून म्हणाल्या. वडिलांनाही हसू आलं, आणि माझं नाव दाखल झालं.

बाई मंठ्याकडच्या शेतकरी घरातल्या. कोवळ्या वयात वैधव्य आलं. थोरल्या बंधूंनी, अप्पारावांनी, घरच्यांचा विरोध पत्करून त्यांना शिकायला जालन्याला ठेवलं. तिथेच हा खेळ त्यांच्या हाती आला. पुढे शाळेनं त्यांना खेळाच्या शिक्षिका म्हणून नेमलं आणि शिक्षिकांच्या संघाची धुराही दिली. खेळावर पोट भरणारी बाई आमच्या भागात तोवर कुणी पाहिली नव्हती.

एका सामन्यात मुरमाड जमिनीवर त्या पडल्या आणि गुडघा निखळला. पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरीणबाईंनाही पुढची खात्री देता येईना. शाळेनं सौम्य शब्दांत कळवलं, की सत्र संपेपर्यंत मैदानावर उभं राहता आलं नाही तर दुसरी शिक्षिका नेमावी लागेल. त्या दिवसांतही खुर्चीवर बसून त्या आम्हाला शिकवत. माझे पास नेहमी आखूड पडत. "कमल, चेंडू मैत्रिणीला द्यायचाय, जमिनीला न्हाई," असं म्हणत त्यांनी माझा हात सुधारला.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात अप्पाराव बैलगाडी घेऊन आले.

"यमे, बस झालं आता. घरी चल. दोन टाइम भाकर हाय की आपल्याकडं."

"भाकरीला न्हाई कुटं म्हनते, दादा? पन तिथं गेले की मी पुन्हा चुलीमागं. एकदा खेळून बघू द्या. जमलं न्हाई तर मी सोताहून गाडीत बसते."

 अप्पारावांनी बैल सोडले आणि मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या संघाशी सामना होता. उत्तरार्धात बाई उतरल्या. थोडा वेळ बरा गेला. मग एका धक्क्यानं त्या कोसळल्या, त्याच पायावर. आम्हा मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. अप्पाराव धोतर सावरत थेट मैदानात धावले. पण ते पोचायच्या आत बाईंनी हात टेकला, गुडघा वाकवला आणि त्या उभ्या राहिल्या.

"दादा, भाईर व्हा आधी! तुमच्यापायी खेळ थांबलाय!"

सगळं मैदान हसलं. अप्पाराव रेघेबाहेर जाऊन मटकन बसले आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. सामना आम्ही हरलो, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. निघताना ते बाईंना म्हणाले, "मंग ऱ्हा बाई हितंच. गाडी रिकामीच नेतो मी." बाईंचा चेहरा असा मोकळा झालेला आम्ही कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

त्यानंतर बाई पुष्कळ वर्षं खेळल्या आणि त्याहून अधिक वर्षं त्यांनी शिकवलं. संस्थान गेलं, मुली मात्र येतच राहिल्या. हैदराबादच्या सामन्याला मला पाठवायला वडील तयार नव्हते, तेव्हा बाई आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. "शेठजी, तुमची पोर बराबर परत आणीन. ती माझी जिम्मेदारी." आणि त्यांनी शब्द पाळला, स्टेशनवरून मला थेट आईच्या हवाली करूनच त्या आपल्या खोलीवर गेल्या.

बाई आता सत्तरीच्या झाल्या, तरी मैदान सुटलेलं नाही. आमच्या नातीही त्यांच्या हाताखाली खेळतात. चुकलं की नातींना ओरडा बसतो आणि आम्हाला कुंपणाबाहेरून तो ऐकू येतो. बाईंना उदंड आयुष्य आणि निरोगी काया लाभो, आणि आमच्या पणत्यांनाही तो ओरडा खाण्याचं भाग्य मिळो, एवढंच मागणं.