श्वास तिकडे सोड

कागदाजवळ कोणी वाकलं की अक्का तळहात त्याच्या तोंडासमोर आडवा धरायच्या. "श्वास तिकडे सोड. राजाचा कागद आहे, तुझी शेगडी नव्हे."

मी देशावरून आलेला, तिसरीतच शाळा सोडलेला माणूस. कुंभकोणमच्या बाजारात एका दुकानात माल बांधायचो आणि जवळच मेलकावेरीत अक्कांच्या पडवीत राहायचो. तमिळ येत नव्हतं. आता हाकलतील, मग हाकलतील, ही धास्ती सदाची. पहिल्याच महिन्यात तापानं पडलो तेव्हा अक्कांनी तांदळाची पेज केली. "अर्धी तुज, अर्धी कागदास चिकटवावयास. भांडू नका." त्या पेजेवर मी जगलो.

कागद म्हणजे तंजावरच्या राजानं त्यांच्या सासऱ्यांना घराची जागा दिल्याची सनद. राज्य गेलं, इंग्रजांचं आलं. कचेरीनं हुकूम काढला, अस्सल सनद दाखवा, नाहीतर घर सोडा. सनद चुलीवरच्या फडताळात होती. धुरानं काळी, कडा कसरीनं खाल्लेल्या. "राजाचें नाव खाल्लें, मामंजींचें सोडलें. कसरीसही चव कळते हो!" अक्का हसल्या.

जुने कागद साफ करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी मात्र एवढ्या सोसणीचं माणूस पुन्हा पाहिलं नाही. त्या कोरडं तांदळाचं पीठ भुरभुरायच्या, रेशमी चिंधी अलगद फिरवायच्या, काळं झालेलं पीठ पिसानं झाडायच्या. पाण्याचा थेंब नाही. दिवसाला चार बोटं कागद उजळायचा. महिन्याभरानं उरलेली सगळी अक्षरं वर आली.

आता पाठीला अस्तर हवं होतं. "हातकागद आण, जाडाभरडा चालेल," असं त्यांनी बजावलं होतं. मला वाटलं, या बाईच्या उपकारातून थोडं तरी उतराई व्हावं. दुकानातला उत्तम, गुळगुळीत विलायती ताव आणला. अक्कांनी तो गालाला लावून पाहिला. "फार महागाचा आणलास रे." पुन्हा कसर लागू नये म्हणून पेजेत मोरचूद घालून त्यांनी तो असा चिकटवला, की सांधा नखालाही लागेना.

कचेरीत कारकुनानं सनद खिडकीसमोर धरली. उजेडात कागदाच्या पोटात एक मुकुट दिसू लागला. विलायती कागदात असं चित्र दडलेलं असतं, हे ना मला ठाऊक, ना अक्कांना.

"अम्मा, राजाची सनद आणि पोटात राणीचा मुकुट? आणि इतकी स्वच्छ? काल लिहिलीत काय?"

"अस्तर आहे तें. मागून लावलें."

त्यानं नखानं कड खरवडली. सांधा सापडला नाही. "हे कोणी केलं?"

मी एक पाऊल मागं सरलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच केलें. मीच आणला कागद."

सनद खोटी ठरली.

घर सोडायच्या दिवशी अक्कांच्या चोळपुरमच्या भाच्यानं बैलगाडी आणली. सामान फार नव्हतं. सनद कचेरीनं ठेवून घेतली होती. ती गुंडाळायचं, वेखंडाच्या वासाचं रिकामं फडकं तेवढं अक्कांच्या मांडीवर. मी पाया पडलो आणि सांगायला तोंड उघडलं, "अक्का, तो ताव मी..."

त्यांनी तळहात माझ्या तोंडासमोर आडवा धरला.

"पोदुम्. पुरे झालें. श्वास तिकडे सोड."

गाडी निघाली. मी तोंड फिरवून उभा राहिलो, चाकांचा आवाज विरेपर्यंत.