कुठेही मावणाऱ्या बाई

'एज आउट' हा इंग्रजी वाक्प्रचार शिकवणं म्हणजे बाईंच्या हातचा मळ. नोकरदार माणसांना घरच्या घरी इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेली. नियम एकच: पुस्तकातलं वाक्य चालणार नाही, डोळ्यांना दिसतंय त्याचंच करायचं. पुस्तकातलं काय, पोपटही बोलतो.

त्या संध्याकाळी त्यांनी तिघांना बाकावर बसवलं आणि एका टोकाच्या नर्सला सांगितलं, "तू बोटबोटभर सरकत राहा. पण हसत." गप्पा मारता मारता दुसऱ्या टोकाचा ड्रायव्हर धपकन खाली आला. वर्ग खो खो हसला.

"बघा, ढकललं तर माणूस भांडतो," बाई म्हणाल्या. "'एज आउट'मध्ये कुणी ढकलत नाही. गोडीगुलाबीने, थोडं थोडं सरकून दुसऱ्याची जागा घेतात. भटाला दिली ओसरी, त्यातला प्रकार. आता वाक्य करा."

नर्स जुनी विद्यार्थिनी. तिने आतल्या दारातून नजर टाकली आणि इंग्रजीत म्हणाली, "कपाटाने बाईंच्या पलंगाला एज आउट केलं." मग मराठीत, "आधी खोलीत होता, मग पॅसेजमध्ये, आता गॅलरीत. बरोबर ना, बाई?"

"वाक्य बरोबर आहे," बाई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांनीही आतल्या दारातून पाहिलं.

दर वेळी उशी त्यांनीच तर उचलली होती. कपाट आलं तेव्हा, नातीचं टेबल आलं तेव्हा. "आई, तू कुठेही मावतेस," लेक म्हणायचा, आणि या वेड्या बाईला ते कौतुक वाटायचं. गॅलरीत उजेड छान येतो, असं त्या स्वतःच शेजारणीला सांगत. जगाला अर्थ समजावला आणि स्वतःवर बेतलं तेव्हा ओळखलं नाही.

वर्ग सुटला. त्या आत गेल्या, तर गॅलरीत लेक आणि सून मापाची टेप धरून उभे.

"आई, वॉशिंग मशीन येतंय. पलंग जरा हलवावा लागेल."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"बघू गं. तुझं काय, तू कुठेही मावतेस."

पोरगा वाईट नव्हता. हसतच बोलत होता, आणि त्याचंच बाईंना भय वाटलं.

बाई पलंगावर जाऊन बसल्या, टेपच्या मधोमध.

"आता घे माप," त्या म्हणाल्या. "माझ्यासकट."

लेकाचं हसू तोंडातच राहिलं. सुनेने टेपचं टोक सोडून दिलं.