अकराव्या गुरुवारी मोडलेलं मौन

मी फार बोलते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वडनेर भोलजीत आमची भाजीपाल्याची शेती आहे. वांगी तोडायला बाया येतात तेव्हा त्या कामाला येतात की माझं ऐकायला, असं आमचे हे विचारतात. हे म्हणजे माझे यजमान. स्वतः दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात, आणि त्यांतली निम्मी बैलांशी. तर अशा बाईने मौनाचा नवस बोलावा यावरून घरादारात हसं व्हायचं तेवढं झालं. पण नवस बोलले तेव्हा मला हसू येत नव्हतं.

माझी लेक मलकापूरला दिली आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात हातातून गेलं. दुसऱ्या वेळी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, काई बोलू नको." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा चौथा महिना लागल्या लागल्या मी देवघरापुढे उभी राहिले आणि महाराजांना म्हटलं, माझ्याजवळ सोडण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती सोडते. अकरा गुरुवार, डोळे उघडल्यापासून शेगावला तुमचं दर्शन होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढणार नाही. या लेकराला तेवढं सांभाळा. खरं सांगायचं तर यात भक्ती थोडी होती आणि सौदा जास्त होता. महाराज सौदा करतात की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. रात्र रात्र मी तोच विचार करत पडून राहायची.

दहा गुरुवार कसे काढले ते माझं मला ठाऊक. दूधवाला पाणी घालून दूध देऊन गेला, शेजारीण माझ्याच दारात उभी राहून माझ्याबद्दल बोलून गेली, आणि मी ओठ मिटून उभी. अकरावा गुरुवार दिवाळीनंतरचा होता. लेकीला सातवा लागत होता आणि सगळं ठीक होतं. आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. पिशवीत नैवेद्याचं पिठलं-भाकर, वर ह्यांचं धुतलेलं पांढरं उपरणं. नांदुरा मागे टाकून शेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून तासभर, मग सुटले.

त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्याचा अर्धा भाग मक्याचा असतो. खळी कोण करत बसतं आता? डांबर गरम होतं, मका लवकर वाळतो, म्हणून जो तो आपल्या शेतासमोर रस्त्यावरच दाणा पसरतो आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतो. एका वळणावर असाच मका पसरला होता आणि त्यातून एक मोटारसायकल घसरत गेल्याची रेघ दिसत होती. रेघेच्या टोकाला गाडी आडवी. तरणा नवरा पाय धरून कण्हत होता, पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. चार हात अंतरावर त्याची बायको, डोकं दगडावर आपटलेलं, केसांतून रक्त. दोघांच्या मध्ये दीड वर्षाची मुलगी मक्यात बसून मोठ्याने रडत होती. तिला एक ओरखडाही नव्हता. मायने पडतापडता तिला पोटाशी धरलं असणार. आणि सगळीकडे चकल्या सांडल्या होत्या. माहेराहून फराळाचा डबा घेऊन निघाली होती बिचारी.

ह्यांनी गाडी थांबवली. मी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणता येतही नव्हतं, पण थांबू नका असंही माझ्या मनात आलं नाही. एवढं पुण्य तरी माझ्या नावावर धरावं. ज्याचा मका होता तो म्हातारा डोक्याला हात लावून कडेला उकिडवा बसला होता आणि "माह्यानं घात झाला, माह्यानं घात झाला" एवढंच म्हणत होता. दुसरा दिवस असता तर मी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी आम्हीही आमचा मका हायवेच्या कडेला असाच वाळवला होता, आणि दाणा उचलल्यावर दगड तिथेच सोडून आलो होतो. त्यावरून कोणी पडलं की नाही, मी कधी चौकशी केली नाही.

मी खाली बसले आणि त्याच्या बायकोचं, त्या जखमी पोरीचं डोकं मांडीवर घ्यायला गेले. ह्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली. पडलेल्या माणसाच्या तोंडात आधी पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीतच. तेवढ्यात मागून एसटी येऊन थांबली आणि कंडक्टर बाई उडी मारून उतरली. "मावशी, पाणी नका पाजू. ठसका लागन. मान हालवू नका, डोकं हाय तसंच धरून ठेवा." तिने माझे दोन्ही तळवे त्या पोरीच्या कानांपाशी नीट लावून दिले, पिशवीतलं उपरणं घडी करून जखमेवर दाबलं आणि ह्यांना अँब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. सगळं पाच मिनिटांत. तिची गाडी भरलेली होती, तिला जाणं भाग होतं. जाताना माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अँब्युलन्सले टाईम लागन. तवर हिले झोपू देऊ नका. बोलत राहा हिच्याशी. काईबी बोला, पण थांबू नका."

आणि बस गेली.

मला बोलायला सांगून गेली. आयुष्यभर ज्यांनी सांगितलं त्यांनी मला गप्प बसायलाच सांगितलं होतं, आणि आज, नेमकं आज, ही बाई मला बोल म्हणून गेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना सगळं ठाऊक होतं. कडेवर रडणारी मुलगी घेऊन हे माझ्याशेजारी वाकले आणि माझ्याऐवजी स्वतःच बोलू लागले. "तुमचं गाव कोणतं? शिक्षण किती झालं?" तहसीलचा कारकून अर्ज भरून घेतो तसं. पोरीने एकदा डोळे उघडले आणि परत मिटले. मी तिच्या गालावर बोटाने टिचक्या मारत होते, मान हलवून खुणा करत होते, घशातून हुंहुं करत होते. म्हातारा जवळ सरकला आणि ह्यांना म्हणाला, "बाई मुकी हाय वाट्टे. दुसऱ्या कोनाले बसवा नं तेथी."

आता जे लिहिते आहे ते लिहायला लाज वाटते. मी हिशेब केला. माझ्या हातात एक जिवंत डोकं होतं, गरम, आणि मी मनात तोलत बसले, ही पोरगी की माझी लेक. एक शब्द काढला तर दहा गुरुवार वाया, आणि मलकापूरला त्या पोटात काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? किती वेळ गेला? हे म्हणतात अर्धा मिनिट. मला तो आख्खा मोसम वाटला. तिचा नवरा तिकडून ओरडत होता, "वर्षा, वर्षा." तिचे ओठ हलले. ती मला म्हणाली, की कोणाला म्हणाली देव जाणे, पण म्हणाली, "आई."

माझं तोंड उघडलं. मी उघडलं असं म्हणता येणार नाही.

"ए वर्षे, डोये उघड. लेकरू बरं हाय तुहं, माह्या घरधन्यापाशी हाय. त्यायचा चष्मा वढून राह्यली ते. तू झोपली तं त्यायले आंधळं करून सोडन." तिने डोळे उघडले. मग मी काही थांबले नाही. तिच्या मायच्या चकल्यांना नावं ठेवली, म्हटलं या काय चकल्या, जिरं किती घातलं. ती पुटपुटली, "जिरं नाई… तीळ." म्हटलं, तीळ घातले तर भाजून का नाही घातले? "भाजले," ती म्हणाली, जराशी चिडून. तिची चीड ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा लेकीच्या लग्नात झाला नव्हता. मग वांग्यावरची अळी, ह्यांचं घोरणं, शेजारणीची सून, सगळं काढलं. डोळे मिटले की मी तिला झापायची, तुह्या मायले काय सांगू म्हणायची, आणि ती परत उघडायची. म्हातारा हात जोडून रस्त्यावरच गुडघे टेकून बसला होता. "मुकी बाई बोलली, महाराज," तो म्हणत होता आणि रडत होता. ह्यांनी मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, हा चमत्कार मी तीस वर्षांपासून ऐकून राह्यलो."

अँब्युलन्स आली तेव्हा वर्षाने माझं बोट सोडलं नाही, म्हणून मुलीला मांडीवर घेऊन मीही आत चढले, आणि हे गाडीवर मागून आले. खामगावपर्यंत मी बोलत होते. दुपारी तिचा भाऊ आला, संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळला असं सांगितलं. नवऱ्याच्या पायात सळई घालावी लागली. त्या दिवशी शेगावला जाणं झालंच नाही. नैवेद्याचं पिठलं-भाकर वर्षाच्या भावाने दवाखान्याच्या पायरीवर बसून खाल्लं. तो सकाळपासून उपाशी होता.

लेकीला काय सांगायचं, हे मात्र मला सुचेना. तीन दिवस मी फोनवर इकडचं तिकडचं बोलले. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, तुले समजलं का? शेगावच्या रस्त्यावर एका मुक्या बाईले वाचा फुटली म्हंतात. माह्या सासूबाई दर्शनाले जाऊ म्हणून राह्यल्या तिच्या." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, सासूबाईंना सांग, दर्शनाला वडनेरला या, ती मीच. आणि मग सगळं सांगितलं. मका, चकल्या, कंडक्टर बाई. माझा तो अर्ध्या मिनिटाचा हिशेबही सांगितला. नवस मोडला गं तुझा, म्हटलं, आणि मला रडू आलं.

मग ती हळू बोलली. "आई, सांगू का? दोन्ही बारी जे झालं नं, ते पहाटेच झालं होतं. मले पहाटेचंच भ्याव वाट्टे. उठली की तुले फोन करावा वाटे, तुही बडबड ऐकली की जीव थाऱ्यावर येते. अन् गुरुवारी तू फोनच नाई उचले. तू माह्यासाठीच करून राह्यली, मंग तुले कसं म्हणू, की आई, करू नको?"

मी अकरा गुरुवार महाराजांना जे वाहत होते, ते माझ्या लेकीच्या तोंडचं काढून घेतलेलं होतं. मला कोणीतरी थांबवायला हवं होतं, आणि मी कोणाचं ऐकणाऱ्यांतली नाही. वळणावरचा तो मका, ती बस, ती बाई, हे सगळं कशाने जुळून आलं यावर मी वाद घालत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही शेगावला गेलो तेव्हा रांगेत उभी राहून मी ठरवलं होतं की माफी मागायची. समाधीपुढे पोचले आणि माफीही आठवली नाही, मागणंही आठवलं नाही. वर्षा जगली, तिचं लेकरू तिच्या मांडीवर आहे, एवढंच मनात आलं आणि मी डोकं टेकलं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा, असं म्हटलं असेन तर तेवढंच. बाहेर आल्यावर पायांत इतकं हलकं वाटत होतं की ह्यांनी विचारलं, चप्पल विसरली का.

लेकीचा आठवा आता सरत आला आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ते ठरवून घ्यायला मी आता काही देऊ करत नाही. भीती गेली असं नाही, पण ती मी एकटी धरून बसत नाही. गुरुवारी पहाटे उठले की चूळ भरून आधी मलकापूरला फोन लावते. ती पहिल्या घंटीलाच उचलते. मी वांग्यांपासून सुरू करते, आणि ती म्हणते, "थांब आई, फोन पोटापाशी धरते. आता बोल."