आत्याने दुरुस्त केलेला प्रश्न

माझी आत्या लहान मुलांचे कपडे शिवते. हात अगदी साफ. पण शिवलेला फ्रॉक गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला तिला अर्धा तास लागायचा. शिवणीवरून बोटं फिरवायची, झटकायची, पुन्हा बोटं फिरवायची. टाचणी आत राहिली तर? कधी गिऱ्हाइकामागे रस्त्यावर धावायची. "आत्याचं आपलं नेहमीचं," म्हणून आम्ही हसायचो.

एकदा तिचा गुडघा दाखवायला मी तिला दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई बाकांवरच्या लोकांना गाठत होत्या. डोक्यात तेच तेच विचार घोळत राहण्याचा, तीच तीच गोष्ट करत राहण्याचा त्रास किती आहे, हे मोजणारी एक प्रश्नावली त्यांनी आपल्या भाषेत आणली होती. ती लोकांना नीट कळते का, हे तपासायचं होतं.

"माझी शाळा सातवीपर्यंतच," आत्या म्हणाली.

"मग तर तुम्हीच हव्यात. वाचा आणि काय कळलं ते सांगा."

तिसऱ्या प्रश्नाशी आत्या अडली. 'तुमच्या मनात अनिष्ट विचार वारंवार प्रवेश करतात का?'

"नाही बाई. मी कुणाचं वाईट चिंतत नाही."

"तसं नव्हे. नको असताना येणारे विचार."

आत्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मग सरळ विचारा ना, नको म्हटलं तरी मनात येतच राहतात असे विचार आहेत का? आहेत. टाचणीचे."

तीस वर्षं कुणाला न सांगितलेलं त्या बाकावर बाहेर आलं. बाळाच्या पाठीत रुतलेली टाचणी तिला रोज दिसायची. आपणच दुष्ट, म्हणून असलं दिसतं, अशी तिची समजूत होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कितीतरी जणांना होतं. दुष्टपणाशी याचा काही संबंध नाही. आणि यावर उपचार आहेत."

सुधारलेली प्रश्नावली आत्याने भरली. पंधरा दिवसांनी तीच पुन्हा समोर आली.

"मागच्या वेळी नापास झाले वाटतं?"

"परीक्षा तुमची नाही, प्रश्नांची आहे," बाई हसून म्हणाल्या. "दोन्ही वेळा उत्तरं जुळली, तर प्रश्न भरवशाचे."

मग उपचार सुरू झाले. कपडा एकदाच तपासायचा आणि देऊन टाकायचा. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर आत्या माझा हात घट्ट धरून बसली होती. माझ्या बोटांना रग लागली, पण ती उठली नाही. वर्ष गेलं त्यात. विचार अजूनही येतात. "आले की म्हणते, बसा तिकडे, मला काम आहे," असं ती सांगते.

प्रश्नावलीचं काम पुरं झाल्यावर डॉक्टरीणबाई आभार मानायला घरी आल्या. आम्ही चौघा डॉक्टरांनी महिनाभर घासलेलं वाक्य तुम्ही पाच मिनिटांत सरळ केलंत, म्हणाल्या.

"माझे कसले आभार?" आत्या म्हणाली. "माझ्यासारखं आणखी कुणी असतं, हे मी तुमच्या कागदावर पहिल्यांदा वाचलं."