बारा फुटांची पंगत

"कडेला का?"

"कडेला म्हणजे... अगं, एक नंबरची जागा आहे ती, सुनंदा. नंबर एक!"

"नंबर मी वाचला. मी विचारतेय, कडेला का?"

"उठायला सोपं पडावं म्हणून. स्वयंपाकघराचं दार समोरच. कुणाला ओलांडायचं नाही, काही नाही. तू आपली उठली, भाकरी आणली, बसली. उठली, भरीत आणलं, बसली."

"मग बसवताय कशाला? उभीच राहते ना. अडतीस वर्षं राहिलेच आहे."

"अरे यार!" लक्ष्मीकांतकाका पोतनिसांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावरच ठेवली. "अपन इतकं डोकं लावून डिझाइन करतो आणि तू त्यात खोट काढते."

खोट काढणं हा खरं तर काकांचा धंदा. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. टेबलावर दोन ट्रे, एक हिरवा, एक लाल. लाल आधी भरायचा. मालक हात जोडायचे, "पोतनीसजी, थोडा तो पास करो." पोतनीसजी केसभरसुद्धा हलायचे नाहीत. घरी आल्यावरही डोळ्यांतली ती मोजपट्टी उतरायची नाही. पोळी पानात पडली की आधी तिचा गोलावा बघायचे, मग मोडायचे. मुलाचं, यशोधनचं लग्न ठरलं तेव्हा सगळे सुनेला बघत होते, काका हॉलचे खांब ओळंब्यात आहेत का ते बघत होते. एक नव्हता. अजून सांगतात.

अशा माणसानं रिटायर झाल्याच्या दिवशी, शाल अंगावर असतानाच, बायकोला विचारलं होतं, "बोल, काय हवं तुला? जे सांगशील ते."

सुनंदाकाकू त्यांच्या अंगावरची शाल काढून तिची घडी घालू लागल्या. काका मनात तिकिटं काढून मोकळे झाले होते, उदयपूर किंवा फार तर गोवा. काकू म्हणाल्या, "चंपाषष्ठीला एकदा सगळ्यांबरोबर बसून जेवायचंय. गरम गरम."

पोतनिसांकडे चंपाषष्ठीला सोळा माणसं ठरलेली. वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी, तीही तव्यावरून थेट पानात. गार भाकरी वाढली तर पाहुणे वर्षभर आठवण काढतात. त्यामुळे भाकऱ्या भाजणारी शेवटी जेवते, आणि ती जेवायला बसते तेव्हा पातेल्याच्या कडेला जे खरवडायला उरलेलं असतं त्याला भरीत म्हणायचं.

काकांनी बायकोचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या लगेच लक्षात आलं की आपल्या घरात मोठं टेबल नाही.

मग तीन महिने लोकमान्य नगरातल्या त्या घरामागच्या अंगणात रंधा चालला. मोबाईलवर एक चित्र सापडलं होतं. लांबलचक लाकडी टेबल आणि दोन्ही बाजूंना त्यालाच जोडलेले बाक, परदेशात झाडाखाली असतात तसे. लाकूड चिडाचं, म्हणजे पाइनचं, मशिनांच्या पेट्यांमधून निघालेलं, कारखान्यातल्या जुन्या लोकांनी प्रेमानं टेम्पोतून पाठवलेलं. लांबी बारा फूट. माणशी अठरा इंच. गणपतीत नातेवाईक दिवाणावर टेकले की काका मागून टेप लावत. मोठी बहीण इंदिराताई बावीस इंच निघाली, तेव्हा शेजारी सडपातळ भाचा विराज टाकून त्यांनी सरासरी साधली.

सून शमिका पुण्याची. तिनं एकदा चहा देता देता म्हटलं, "बाबा, असली टेबलं पार्कात असतात. शॉर्ट्स घालून बसतात लोक त्यांच्यावर."

"तर मग? शॉर्ट्स घालायला आपल्याकडे कुणाला बंदी आहे?"

शमिकानं कप उचलला आणि विषय सोडला.

आणि आज, चंपाषष्ठीच्या सकाळी, काकांनी कोण कुठे बसणार त्याचा नकाशा भिंतीवर चिकटवला. त्यावरूनच हे सगळं सुरू झालं होतं.  काकू आत जाऊन वांगी भाजायला लागल्या.

दुपारी तळी भरून झाली, नैवेद्य झाला. पहिल्या सोळा भाकऱ्या भाजून काकूंनी डब्यात घातल्या. सगळे अंगणात आले.

"हे काय रे लक्ष्मीकांत? टेबल आहे का सिटी बस?" इंदिराताई म्हणाल्या.

"ताई, तुझी पाच नंबर. मधली. विराजशेजारी, आत."

"आत कुठून?"

"बाकावरून पाय टाकायचा पलीकडे. एकदम सोपं आहे."

इंदिराताईंनी बाकाकडे पाहिलं, मग भावाकडे. "मी काय नेसलेय ते दिसतंय ना तुला? ही महेश्वरी नेसून मी पाय वर टाकू? तुझ्या व्याह्यांसमोर?"

काकांनी टेबलाकडे पाहिलं. इंच, सूत, माणसांची वजनं, बोल्ट सगळं त्यांनी तपासलं होतं. पण चौतीस वर्षांत तपासलेल्या एकाही पुर्ज्यानं साडी नेसलेली नव्हती.

"आता?" इंदिराताई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता नंबर एकवर, कडेला, आडव्या सरकून बसल्या. ते पाहून बाकीच्या तीन वयस्कर बायकांनी उरलेल्या तीन कडा पकडल्या. शमिका आणि तिची धाकटी बहीण पंजाबी ड्रेसात होत्या, त्या टुणकन आत गेल्या. पुरुष आधीच बसून ताटाला हात लावत होते.

काकू भाकऱ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. पानं वाढली. त्यांच्या जागेवर नणंद.

"जरा अ‍ॅडजस्ट कर सुनंदा," काका हळूच म्हणाले. "पहिला राउंड होऊ दे, मग—"

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. फरशी पुसताना खोचतात तशा निऱ्या वर खोचल्या. शमिकाच्या खांद्यावर एक हात, टेबलावर दुसरा. एक पाय पलीकडे. गुडघा कटकन वाजला, सगळ्यांना ऐकू आला. दुसरा पाय पलीकडे. आणि त्या बसल्या, पाच नंबरवर, बरोबर मधोमध, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला व्याही.

"बाई गं," इंदिराताई म्हणाल्या.

"तुम्हालाही जमलं असतं, ताई."

काकूंनी भाकरी मोडली. वाफ आली. त्यांनी भरिताचा मोठा घास घेतला आणि डोळे मिटले. कुणाकडे लक्षच नव्हतं त्यांचं.

काका अजून बसले नव्हते. ते चारी बाजूंनी फोटो काढत होते. टेबल जराही डुगडुगत नव्हतं.

"वा, भरीत झकास!" व्याही म्हणाले. "एक भाकरी येऊ द्या."

डबा रिकामा होता. पंधरा माना काकूंकडे वळल्या, अगदी सवयीनं.

"सुनंदा, भाकरी," काका कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"मी मधे आहे."

"हो, पण आता—"

"उठले तर यांचं ताट लवंडेल."

"आई, मी जाते," शमिका अर्धवट उठली. काकूंनी तिचं मनगट धरलं. "तू जेव."

"मी आणतो ना," यशोधन म्हणाला.

"तूही जेव. गार होतंय." काकूंनी घास गिळला, पाणी प्यायल्या. "पीठ परातीत झाकलेलं आहे. गॅस बारीक आहे, तवा तापलेलाच आहे. थापता थापता चिकटली तर ताई इथून ओरडून सांगतील."

"मी?" इंदिराताई हसत सुटल्या. "अगं, हा भाकरी थापणार? आधी नकाशा काढेल तिचा! संध्याकाळ होईल!"

सगळे हसले. काका पण थोडंसं हसले. काकू हसल्या नाहीत.

"तुम्ही म्हणाला होतात, काय हवं ते सांग," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हसणं थांबलं. "मी सांगितलं होतं. टेबल नव्हतं मागितलं."

काकांनी टेबलाकडे पाहिलं. सोळा जागांपैकी एकच रिकामी होती, त्यांची.

"तुम्ही एकटेच उभे आहात," काकू म्हणाल्या. "मग भाकरी आणताय का?"

 काकांनी मोबाईल खिशात घातला, झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ते स्वयंपाकघरात गेले.